पेशीत घडले की बशीत? डोपामिनच्या विषारीपणाचा माग काढताना

पार्किन्सन्सच्या आजारात मेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळपट भागातील चेतापेशी मरत जातात आणि त्यांच्याबरोबर डोपामिनही आटत जाते, एवढे आता बहुतेक वाचकांना ठाऊक असते. पीएच.डी.साठी मला मिळालेला प्रश्न त्याच्या एक पायरी मागचा होता. या पेशी मरतात, त्यात खुद्द डोपामिनचाच काही हात असतो का? ज्याच्या अभावामुळे हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात आणि हात थरथरू लागतो, त्याच द्रव्यावर संशय घ्यायचा हे ऐकायला विचित्र वाटते. पण रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर संशयाला आधार आहे. डोपामिनच्या रेणूत बेंझिनच्या कड्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. कॅटेकोल म्हणून ओळखली जाणारी ही रचना ऑक्सिजनच्या सान्निध्यात सहज इलेक्ट्रॉन गमावते, तिचे क्विनोन होते आणि या व्यवहारात सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होतात. क्विनोन प्रथिनांना जाऊन चिकटते, तर पेरॉक्साइड लोहाच्या संगतीने आणखी उपद्रवी रूप घेते, आणि सबस्टॅन्शिया नायग्रात लोहाची कमतरता नसते.

पेशीने यावर स्वतःचा बंदोबस्त केलेला आहे. टायरोसिनपासून लेव्होडोपा आणि लेव्होडोपापासून डोपामिन तयार झाले, की व्हीमॅट-२ नावाचे वाहक प्रथिन ते लगोलग पुटिकांमध्ये, म्हणजे पेशीतील सूक्ष्म पिशव्यांमध्ये, भरते. पुटिकांच्या आत पीएच साधारण ५.५ असतो आणि त्या आम्लतेत डोपामिन बऱ्यापैकी शांत राहते. जे बाहेर पेशीद्रवात उरते, त्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर काम करते. त्यातून डोपाल हे अल्डिहाइड आणि पुन्हा एकदा हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडते. डोपालचे पुढे डोपॅक या निरुपद्रवी आम्लात रूपांतर झाले तर ठीक, पण ते मधेच साचले तर अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या होण्यास मदत करते, असे प्रयोगांतून दिसले आहे. हेच अल्फा-सिन्यूक्लिन पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या पेशींत आढळणाऱ्या ल्युई पिंडांचा मुख्य घटक असल्याचे १९९७ मध्ये दाखवले गेले. म्हणजे डोपामिनच्या आयुष्यातील प्रत्येक वळणावर काहीतरी बिघडण्याची शक्यता आहे. ते खरोखर बिघडते का आणि कुठे, हे मला पेशीसंवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेतील बशीत वाढवलेल्या पेशींत, पाहायचे होते.

आमच्या सरांची एक शिस्त होती. पेशींना हात लावण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने ज्या रेणूवर काम करायचे तो नीट मोजायला शिकले पाहिजे. त्यामुळे माझे सुरुवातीचे काही महिने एचपीएलसीच्या, म्हणजे द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या, यंत्रासमोर गेले. तेव्हा मला ते वेळ दवडणे वाटत होते, हे लपवत नाही. यंत्राला इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर जोडलेला होता आणि त्याच्या कामाच्या पद्धतीत मला आजही गंमत वाटते. कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, बाहेर पडणारे डोपामिन ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवरून जाते, इलेक्ट्रोडला ठरावीक विद्युतदाब दिलेला असतो, आणि त्या दाबाखाली डोपामिनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. तो प्रवाह मोजला की डोपामिन किती हे कळते. ज्या ऑक्सिडीकरणापासून नमुना जिवापाड जपत इथवर आणायचा, तेच ऑक्सिडीकरण शेवटच्या क्षणी मुद्दाम घडवून आणायचे, असा हा प्रकार आहे. या पद्धतीने पिकोग्रॅमच्या पातळीपर्यंत उतरता येते.

अर्थात एवढ्या संवेदनशील डिटेक्टरचे नखरेही तेवढेच असतात. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारे द्रावण, म्हणून पीएच ३ च्या आसपासचा फॉस्फेट बफर, त्यात थोडे मेथॅनॉल, धातूंचे आयन बांधून ठेवण्यासाठी ईडीटीए आणि सोडियम ऑक्टिल सल्फेट. हे मिश्रण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, त्यातील हवा काढून रात्रभर यंत्रातून फिरवत ठेवले, तर सकाळी बेसलाइन कामापुरती स्थिर झालेली असते. एखादा बुडबुडा अडकला, खोलीचे तापमान बदलले, नाहीतर कुणी शेजारी सेंट्रिफ्यूज सुरू केले, की रेषा डोलू लागते. ऑक्टिल सल्फेटचे काम मला विशेष आवडले. त्याची लांब साखळी कॉलमला चिकटते आणि ऋणभारित टोक बाहेर राहते. डोपामिन धनभारित असल्यामुळे तिथे अडखळते आणि उशिरा बाहेर पडते, डोपॅकसारख्या आम्लांना मात्र त्याचे सोयरसुतक नसते. दोन पीक, म्हणजे आलेखातील दोन उंचवटे, एकमेकांवर चढले असतील, तर ऑक्टिल सल्फेट वाढवून अमाइन मागे ढकलता येतात आणि पीएच किंचित बदलून आम्ले हलवता येतात. हे एकदा हाताला लागले की यंत्राशी संवाद सुरू होतो. लेव्होडोपा तेवढे सगळ्यांच्या आधी, विद्रावकाच्या पहिल्या लाटेला जवळजवळ चिकटून येते, आणि ते त्या लाटेपासून वेगळे काढताना माझा कस लागला.

खरे शिक्षण झाले ते मात्र नमुना जपण्यात. डोपामिन हायड्रोक्लोराइड ही पांढरी पूड आहे. ती ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लात विरघळवून छोट्याछोट्या नळ्यांत, उजेडापासून दूर, उणे ८० अंशांवर ठेवली तर दीर्घकाळ टिकते. तीच पूड पीएच ७.४ च्या साध्या बफरमध्ये विरघळवून टेबलावर ठेवली, तर द्रावणाला आधी फिकट गुलाबी, मग नारिंगी छटा येते, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळसर गाळ बसलेला असतो. गुलाबी-नारिंगी रंग अमिनोक्रोमचा. काळा गाळ मेलॅनिनच्या जातीचा, म्हणजे ज्याच्यामुळे सबस्टॅन्शिया नायग्रा काळी दिसते त्या न्यूरोमेलॅनिनचा दूरचा नातेवाईक. सरांनी मला हे मुद्दाम करायला लावले होते. एकाच स्टँडर्डचे, म्हणजे माहीत असलेल्या मात्रेच्या द्रावणाचे, दोन भाग, एक आम्लात आणि एक बफरमध्ये. ठरावीक अंतराने दोन्हींतून थोडे काढून यंत्रात सोडायचे आणि पीकची उंची लिहायची. आम्लातले पीक जागचे हलले नाही, बफरमधले दर वेळी बुटके होत गेले. याच गाळाचा थर इलेक्ट्रोडवरही हळूहळू बसतो, संवेदनशीलता घटते, आणि मग इलेक्ट्रोड सोडवून अॅल्युमिनाच्या पुडीने घासावा लागतो. जाता जाता सांगायचे तर, आमच्या या डोकेदुखीतून दुसऱ्या कुणाचे भले झालेले आहे : २००७ मध्ये अमेरिकेतील फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने दाखवले, की पीएच ८.५ च्या द्रावणात डोपामिन जवळजवळ कुठल्याही पृष्ठभागावर घट्ट थर धरते, आणि तेव्हापासून पॉलिडोपामिनचे लेप हा पदार्थविज्ञानातील एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे.

या रंगांचा इतिहासही सरांकडूनच ऐकला. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिझर्पिन, म्हणजे सर्पगंधेतील अल्कलॉइड, देऊन निश्चल केले आणि लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. पुढे २००० चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. त्यानंतर व्हिएन्नात हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकेविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतील डोपामिन मोजून १९६० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे असा डिटेक्टर नव्हता. ते आयोडीनच्या विक्रियेने येणाऱ्या रंगावरून मोजत होते, आणि हॉर्निकेविच यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, निरोगी मेंदूच्या नमुन्यात गुलाबी रंग उमटला, पार्किन्सन्सच्या नमुन्यात तो जवळजवळ उमटलाच नाही. हा फरक यंत्रात मोजण्याआधी नुसत्या डोळ्यांना दिसला होता. दुसऱ्याच वर्षी हॉर्निकेविच आणि वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना शिरेवाटे लेव्होडोपा दिले, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे मात्रा हळूहळू वाढवत नेण्याची रीत दाखवल्यावर हे औषध रोजच्या वापरात आले. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरते. ते वाटेतच खर्ची पडू नये म्हणून सोबत कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड देतात. साठ वर्षे उलटून गेली, तरी या आजारावर त्याच्याइतके परिणामकारक दुसरे औषध आलेले नाही, आणि म्हणूनच ते विषारी आहे का, हा प्रश्न निव्वळ विद्वत्तेचा राहत नाही.

मग मला पेशी मिळाल्या. एसएच-एसवाय-५वाय ही मालिका न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगापासून मिळवलेली आहे, आणि पार्किन्सन्सवरील प्रयोगशाळांत ती इतकी रुळलेली आहे, की तिच्या मर्यादा सांगणे अनेकांना अनावश्यक वाटते. या पेशी विभागत राहतात, खऱ्या चेतापेशी विभागत नाहीत. डोपामिन पुटिकांत भरून ठेवण्याची त्यांची यंत्रणा तोकडी आहे. त्या वाढतात त्या इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन जवळपास हवेइतकाच, म्हणजे २० टक्क्यांच्या घरात असतो, तर मेंदूच्या ऊतीत तो जेमतेम काही टक्के असतो. हे सर्व समजून घेऊनच त्या वापरायच्या असतात.

प्रयोगाची पहिली मांडणी सोपी होती. ९६ खाच्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, डोपामिनच्या चढत्या मात्रा द्यायच्या आणि चोवीस तासांनी किती पेशी जिवंत आहेत ते पाहायचे. या विषयावरील अनेक शोधनिबंधांत १०० ते ५०० मायक्रोमोलर मात्रा वापरलेल्या दिसतात, म्हणून मीही त्याच पट्ट्यात राहिले. परंतु प्लेटचा आराखडा सरांना दाखवला, तेव्हा त्यांनी त्यात आणखी ओळी घालायला लावल्या. एका ओळीत पेशीच नाहीत, नुसते माध्यम (पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात तो) आणि डोपामिन. दुसरीत पेशी, डोपामिन आणि कॅटालेज. तिसरीत पेशी, डोपामिन आणि उकळून निकामी केलेले कॅटालेज. शिवाय प्रत्येक मांडणी दोनदा, एकदा पायरुव्हेट असलेल्या माध्यमात आणि एकदा नसलेल्या. "प्लेट मोठी झाली तरी चालेल," ते म्हणाले, "पण पेशी कशाने मेल्या हे विचारल्यावर तुला उत्तर देता आलं पाहिजे."

यामागचे तर्कशास्त्र असे. कॅटालेज हे हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करणारे विकर आहे. ते मोठे प्रथिन असल्यामुळे बाहेरून दिल्यास पेशीत सहजी शिरत नाही. तेव्हा कॅटालेजमुळे पेशी वाचत असतील, तर मारेकरी पेरॉक्साइड पेशीच्या बाहेर, माध्यमात तयार झाले होते असे मानावे लागते. उकळलेल्या कॅटालेजने पेशी वाचल्या नाहीत, तर ती करामत विकराची होती, केवळ जादा प्रथिन मिसळल्याची नव्हती, हेही स्पष्ट होते. पायरुव्हेटची गोष्ट आणखी मजेशीर आहे. पेशींना खाद्य म्हणून बाजारी माध्यमांत ते कधी घातलेले असते, कधी नसते, आणि ते पेरॉक्साइडशी थेट विक्रिया करून त्याचा निकाल लावते. त्यामुळे एकाच पेशी, एकच मात्रा, एकच वेळ असूनही एका प्रयोगशाळेत डोपामिन जहाल विष ठरू शकते आणि दुसरीत जवळजवळ निरुपद्रवी. फरक असतो तो माध्यमाच्या बाटलीवरील बारीक अक्षरांत.

आमच्या प्लेटवर जे दिसले ते थोडक्यात असे. पायरुव्हेट नसलेल्या माध्यमात डोपामिनच्या वरच्या मात्रांनी पेशी भराभर मेल्या. गोलाकार होऊन तळापासून सुटलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली तरंगताना दिसणाऱ्या पेशी, आणि भोवतीचे माध्यम विटकरी झालेले. शेजारच्या कॅटालेजच्या ओळीत माध्यमाचा रंग तसाच गडद, पण पेशी तळाला धरून, फांद्या पसरून बसलेल्या. उकळलेल्या कॅटालेजच्या ओळीत पुन्हा मरणकळा. आणि ज्या ओळीत पेशीच नव्हत्या, त्या माध्यमातही मोजता येईल इतके हायड्रोजन पेरॉक्साइड होते. एचपीएलसीवर पाहिले, तर दिलेल्या डोपामिनपैकी बरेचसे पहिल्या काही तासांतच नाहीसे झालेले होते. म्हणजे चोवीस तास डोपामिनमध्ये पेशी ठेवल्या असे लिहिणे हीसुद्धा तशी अतिशयोक्तीच ठरली असती. हा शोध आमचा नव्हे. बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्येच, पेशीसंवर्धनात दिसणारी डोपामिनची विषारी करणी ही माध्यमातील ऑक्सिडीकरणाने निर्माण झालेली फसगत असू शकते, असे मांडले होते. तरीही त्यानंतरच्या कित्येक शोधनिबंधांत कॅटालेजची ओळ दिसत नाही, याचे मला नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही येतो.

पेशींचे जिवंतपण मोजण्यातही एक खोडा होता. सर्वत्र चालणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत क्षपण करतात आणि जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत असे समजले जाते. पण डोपामिन स्वतःच क्षपणकारक आहे! पेशी नसलेल्या खाच्यांतही एमटीटी टाकल्यावर जांभळट झाक आली. म्हणून रंगद्रव्य टाकण्यापूर्वी पेशी धुऊन घेणे, मेलेल्या पेशींतून बाहेर गळणारे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज वेगळे मोजणे आणि शेवटी ट्रिपॅन ब्लू घालून काही खाच्यांतील पेशी प्रत्यक्ष मोजून काढणे, अशा तिन्ही वाटांनी उत्तर एकच येते का, हे पाहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून हाताने पेशी मोजण्याचे काम कंटाळवाणे असते, पण या तिन्हींत मला तेच सर्वांत विश्वासाचे वाटते.

कॅटालेज देऊनही सर्वांत वरच्या मात्रेला थोड्या पेशी मरत होत्याच. तो उरलेला परिणाम क्विनोनचा की पेशीत शिरलेल्या डोपामिनचा, हे या मांडणीतून सांगता येत नव्हते, म्हणून प्रयोग उलट्या बाजूने मांडला. डोपामिन बाहेरून ओतण्याऐवजी ते पेशीच्या आत वाढवायचे. पेशींना लेव्होडोपा द्यायचे, कॅटालेज मात्र सगळ्या ओळींत ठेवायचे, कारण लेव्होडोपाही कॅटेकोलच आहे आणि माध्यमात तेही तसेच बिघडते. एका ओळीत लेव्होडोपाचे डोपामिन करणारे विकर अडवायचे, एकीत रिझर्पिनने पुटिकांची वाट बंद करायची, एकीत क्लॉर्जिलिनने मोनोअमाइन ऑक्सिडेज थांबवायचे. प्रत्येक ओळीतील पेशी बर्फावर गोळा करून, पर्क्लोरिक आम्लात फोडून, डायहायड्रॉक्सिबेंझिलअमाइन हा अंतर्गत मापदंड आधीच मिसळून, गाळून यंत्रात सोडायच्या. हा मापदंड अगदी सुरुवातीला घातला, तर वाटेत नमुना किती गळाला याचा हिशेब आपोआप लागतो. सुरुवातीचे ते कंटाळवाणे महिने इथे कामाला आले, कारण पेशीतील डोपामिन, डोपॅक आणि मिथिल गट लागलेले तिसरे चयापचयज हे सर्व एकाच आलेखात वेगवेगळे दिसत होते आणि कुठली वाट अडवल्यावर पाणी कुठे तुंबते ते वाचता येत होते. क्लॉर्जिलिनच्या ओळीत अपेक्षेप्रमाणे डोपॅक घटले आणि डोपामिन वाढले. पण त्यातून अर्थ काढणे तितके सोपे नव्हते. ते विकर थांबवले की डोपाल आणि त्याच्यासोबतचे पेरॉक्साइड कमी होते, पण पेशीद्रवात डोपामिन साचते. म्हणजे एक धोका टाळताना दुसरा वाढतो. या पेशींत दोन्हींची वजाबाकी जवळपास शून्यावर येत होती, आणि एवढ्यावरून मेंदूबद्दल काही बोलणे मला धाडसाचे वाटते.

याबाबत मला सर्वांत पटलेला प्रयोग युजीन मोशारोव्ह आणि डेव्हिड सल्झर यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या जिवंत चेतापेशींत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून पेशीद्रवातील डोपामिन थेट मोजले. लेव्होडोपा दिल्यावर सबस्टॅन्शिया नायग्रातील पेशींत ते जास्त साचले आणि त्या पेशी मेल्या. शेजारच्या व्हेंट्रल टेग्मेंटल भागातील पेशींत, ज्या पार्किन्सन्समध्ये तुलनेने तगून राहतात, ते कमी साचले. कॅल्शियमचा एल-प्रकारचा मार्ग अडवला किंवा अल्फा-सिन्यूक्लिन नसलेल्या उंदरांच्या पेशी घेतल्या, तर हानी टळत होती. म्हणजे डोपामिन, कॅल्शियम आणि अल्फा-सिन्यूक्लिन ही तिन्ही एकत्र आली तरच घात होतो. एकट्या डोपामिनवर सगळा दोष ढकलण्यापेक्षा हे चित्र मला कितीतरी अधिक खरे वाटते.

या कामाच्या मध्यावर रुग्णांच्या एका मदतगटाची मंडळी प्रयोगशाळा पाहायला आली होती. विटकरी झालेल्या प्लेटचे छायाचित्र भिंतीवर लावलेले होते. ते न्याहाळून एका वयस्क गृहस्थांनी विचारले, "ताई, मी गेली चार वर्षं हेच औषध घेतोय ना? मग माझ्या डोक्यातही असंच होत असेल का? पुढची मात्रा डॉक्टर वाढवा म्हणतायत, ती टाळू का?" मी म्हटले, "नाही काका, बशीतल्या पेशींवरून गोळी टाळू नका." आणि मग त्यांना समजेल अशा रीतीने रुग्णांवरील चाचण्यांबद्दल सांगितले, कारण या प्रश्नाचे उत्तर माझ्या प्लेटमध्ये नव्हते, त्या चाचण्यांत होते.

त्यांतील पहिली एलडोपा चाचणी, २००४ ची. औषध सुरू न केलेल्या ३६१ रुग्णांना ४० आठवडे दररोज १५०, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम लेव्होडोपा किंवा औषधविरहित गोळी दिली आणि नंतर दोन आठवडे सर्व बंद ठेवले. लेव्होडोपा विषारी असते, तर औषध थांबवल्यावर ते घेणाऱ्यांची अवस्था अधिक वाईट दिसायला हवी होती. ती उलट बरी दिसली, आणि मात्रा जितकी जास्त तितकी बरी. परंतु काही रुग्णांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिन वाहकाचा, म्हणजे बाहेर सोडलेले डोपामिन पेशीत परत ओढणाऱ्या प्रथिनाचा, संकेत लेव्होडोपा घेणाऱ्यांत जास्त घटलेला आढळला, आणि सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात अनावर हालचालींचे प्रमाण अधिक होते. वाद मिटला नाही. औषधामुळे पेशी घटल्या, की औषधामुळे वाहक प्रथिन तेवढे कमी झाले, हे स्कॅनवरून ठरत नव्हते. माझ्या प्लेटपुढचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत : जे मोजले, ते खरोखर ज्याचे माप समजतो त्याचेच आहे का? पुढे २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लीप चाचणीचे निष्कर्ष आले. ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच आणि निम्म्यांना ४० आठवडे उशिरा लेव्होडोपा सुरू केले. ८० आठवड्यांअखेर दोन्ही गटांत फरक नव्हता. औषधाने आजाराची गती कमी केली नाही आणि वाढवलीही नाही. घाना आणि इटलीतील रुग्णांची तुलना करणारा २०१४ चा अभ्यासही इथे महत्त्वाचा आहे. घानात औषध उशिरा मिळत असूनही अनावर हालचाली आणि औषधाचा अंमल मधेच ओसरणे या तक्रारी आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाल्या. त्यांचा संबंध औषध किती वर्षे घेतले याच्याशी कमी आणि आजार किती वर्षांचा आहे याच्याशी जास्त होता. मात्रा किती असावी, हे न्यूरॉलॉजिस्टने रुग्णाला तपासूनच ठरवायचे असते. पण केवळ विषाच्या भीतीने गोळी टाळून हालचालीविना दिवस काढण्याला आज आधार नाही.

ऑक्सिडीकरण हाच दोष असेल तर त्यावरील उतारा द्यावा, हा विचारही रुग्णांवर तपासून झालेला आहे. डेटाटॉप चाचणीत ८०० रुग्णांपैकी काहींना दररोज २,००० युनिट ई जीवनसत्त्व दिले होते. त्याचा काहीही उपयोग झाला नाही. सेलेजिलिन या मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधकाने लेव्होडोपाची गरज लांबणीवर पडली, पण सेलेजिलिन लक्षणेही थोडी कमी करत असल्यामुळे पेशी वाचल्या असे त्यावरून म्हणता आले नाही.

मग डोपामिन निर्दोष ठरते का? तसे मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये लेना बुरबुला, दिमित्री क्रेंक आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पेशींपासून मूलपेशीमार्गे तयार केलेल्या चेतापेशी दीर्घकाळ वाढवल्या, तेव्हा डीजे-१ जनुकातील दोष असलेल्या मानवी पेशींत ऑक्सिडीकृत डोपामिन साचत गेले आणि त्यामुळे लायसोसोममधील, म्हणजे पेशीतील कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या पिशवीतील, ग्लुकोसेरेब्रोसिडेज या विकराचे काम मंदावले. उंदरांच्या तशाच पेशींत मात्र हे साचणे दिसले नाही. इथे बाहेरून काही ओतलेले नव्हते, पेशीने स्वतः तयार केलेलेच डोपामिन होते. उंदरांवरील इतक्या प्रयोगांतून पार्किन्सन्सचे पूर्ण चित्र का उभे राहत नाही, याचे एक कारण त्यात असू शकते.

आमच्याकडेही आता मूलपेशींपासून चेतापेशी करण्याचे काम सुरू झाले आहे. त्या पक्व व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात, त्यांचे माध्यम महाग असते, आणि त्यात मुळातच ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेले असते, जे स्वतःही माध्यमात पेरॉक्साइड निर्माण करू शकते. म्हणून पेशीविरहित माध्यमाची ओळ इथेही ठेवली आहे. ऑक्सिजन नियंत्रित करता येणारा इन्क्युबेटर नुकताच बसवला आहे आणि ५ टक्के ऑक्सिजनवर डोपाल किती साचते याची पहिली मोजणी त्यात करायची आहे. डोपाल डोपामिनपेक्षाही अस्थिर असते, त्याचे शुद्ध स्टँडर्ड मिळवणे आणि टिकवणे कठीण, आणि आमच्या कॉलमवर त्याचे पीक कुठे येते हे अजून पक्के करायचे आहे. सध्या त्यासाठी मोबाइल फेजमधील मेथॅनॉलचे प्रमाण थोडेथोडे बदलून पाहत आहे.